पीएच मीटरचा इलेक्ट्रोड ओला ठेवायचा, पण कशात?

प्रश्न थोडक्यात असा आहे: हातात धरून वापरायचा पीएच मीटर चार-पाच महिने नुसता पडून होता. टोपणातला स्पंज कोरडा ठणठणीत झाला आहे, कडेला पांढरा क्षार जमला आहे. आता ७ च्या बफरमध्ये (बफर म्हणजे ठरलेल्या, माहीत असलेल्या पीएचचं द्रावण) आकडा स्थिरावायला तीन-चार मिनिटं लागतात आणि ४ च्या बफरमध्ये तो ४.६ दाखवतो. इलेक्ट्रोड गेला का? आणि यापुढे तो नेमका कशात ठेवायचा?

आधी उत्तर देतो. बहुधा गेलेला नाही. ३ मोलर तीव्रतेच्या पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात (कृती पुढे आहे) त्याचं टोक रात्रभर बुडवून ठेवा, दुसऱ्या दिवशी ताज्या बफरने कॅलिब्रेशन करा (म्हणजे मीटरचा आकडा बफरच्या आकड्याशी जुळवून घ्या) आणि मगच निकाल लावा. यापुढेही त्याचं घर म्हणजे हेच द्रावण. डिस्टिल्ड वॉटर, आरओचं पाणी किंवा डीआयनाइज्ड पाणी यांत तो कधीही साठवू नका. यामागचं कारण एकदा ध्यानात आलं की काळजीचे नियम वेगळे पाठ करावे लागत नाहीत, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

एका नळीत दोन इलेक्ट्रोड

बाहेरून एकच नळी दिसते, पण आत दोन इलेक्ट्रोड असतात. पहिला म्हणजे टोकाचा काचेचा फुगा. ही काच खास पीएचसाठी बनवलेली असते. ती ओली राहिली की तिच्या पृष्ठभागावर जेलसारखा अतिशय पातळ थर तयार होतो आणि हायड्रोजन आयनांची देवघेव त्या थरातच चालते. थर सुकला की देवघेव मंदावते: आकडा रेंगाळतो, एका जागी थांबत नाही. पण पुन्हा भिजवल्यावर थर परत तयार होतो. म्हणूनच कोरडा पडलेला फुगा बहुतेक वेळा वाचतो.

दुसरा म्हणजे संदर्भ इलेक्ट्रोड. चांदीच्या तारेवर सिल्व्हर क्लोराइडचा लेप आणि भोवती पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण किंवा जेल, अशी त्याची रचना असते. या जेलचा बाहेरच्या नमुन्याशी संबंध राहावा म्हणून नळीला एक सच्छिद्र जागा ठेवलेली असते, तिला जंक्शन म्हणतात. फुग्याच्या किंचित वर दिसणारा सिरॅमिकचा पांढरा ठिपका, फुग्याभोवतीचं सच्छिद्र प्लास्टिकचं कडं किंवा कापडी वात, ही त्याची नेहमीची रूपं. इथून आतला क्षार अत्यंत सावकाश बाहेर झिरपत असतो आणि त्यामुळेच विद्युतमंडल पूर्ण होतं.

लोक फुग्याला जपतात आणि जंक्शनला विसरतात. प्रत्यक्षात रेंगाळणाऱ्या, सरकणाऱ्या आकड्यांचं मूळ पुष्कळदा जंक्शनमध्येच सापडतं. आतलं द्रावण सुकून तिथे क्षाराचे खडे धरतात किंवा नमुन्यातली घाण छिद्रांत जाऊन बसते. फुगा पुसून लख्ख केला तरी ही खोड जात नाही.

आता शुद्ध पाण्याचं पाहू. जंक्शनच्या आत क्षाराचं तीव्र द्रावण आणि बाहेर जवळजवळ काहीच नाही, अशी स्थिती झाली की क्षार वेगाने बाहेर पडतो आणि पाणी आत शिरतं. संदर्भ इलेक्ट्रोडचा व्होल्टेज क्लोराइडच्या तीव्रतेवर ठरतो. तीव्रता निम्मी झाली तर तो साधारण १८ मिलिव्होल्टने सरकतो, म्हणजे ०.३ पीएच. दहापट कमी झाली तर सुमारे ५९ मिलिव्होल्ट, म्हणजे पीएचचं पूर्ण एक एकक. कॅलिब्रेशनने हा फरक एकदा भरून काढता येतो, पण आतली तीव्रता बदलतच असते, त्यामुळे दोन दिवसांनी आकडा पुन्हा चुकीचा येतो. ज्या मीटरमध्ये जेल कायमचं बंद असतं त्यात गेलेला क्षार परत भरता येत नाही. एखाद्या रात्रीने इलेक्ट्रोड मरत नाही हे खरं, पण शुद्ध पाण्यातली प्रत्येक रात्र त्याच्या आयुष्यातून वजा होते.

साठवणीचं द्रावण

विकत मिळणारं स्टोरेज सोल्युशन म्हणजे बहुतेक वेळा पोटॅशियम क्लोराइडचं द्रावणच असतं, कधी त्यात बुरशी रोखणारा पदार्थ किंवा थोडा आम्लधर्मी बफर घातलेला असतो. घरी किंवा प्रयोगशाळेत करायचं असेल तर २२.४ ग्रॅम शुद्ध पोटॅशियम क्लोराइड घ्या, थोड्या डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा आणि एकूण आकारमान १०० मिली होईपर्यंत पाणी घाला. मोजपात्र नसेल तर तेवढाच क्षार ९० मिली पाण्यात घातला तरी चालतं. इथे दोन-चार टक्क्यांनी काही बिघडत नाही. विरघळताना द्रावण गार पडतं, ते नेहमीच्या तापमानाला येऊ द्या आणि मग वापरा. डिस्टिल्ड पाणी इथे चालतं, कारण त्यात भरपूर क्षार मिसळलेला आहे. आक्षेप आहे तो नुसत्या पाण्याला.

३ मोलरच का, ४ का नाही? ४ मोलर द्रावण २० अंश सेल्सिअसलाच जवळपास संपृक्त असतं. थंडी वाढली की त्यातून खडे पडू लागतात, आणि ते नेमके जंक्शनच्या छिद्रांत पडतात. ३ मोलर द्रावण ० अंशापर्यंतही खडे सोडत नाही. तुमच्या मीटरच्या पुस्तिकेत ३.५ किंवा ४ मोलर लिहिलं असेल तर ते वापरायला हरकत नाही, फक्त थंड जागी ठेवू नका.

पोटॅशियम क्लोराइडऐवजी साधं मीठ चालेल का, असं हमखास विचारलं जातं. नाही. पोटॅशियम आणि क्लोराइड हे आयन द्रावणात जवळपास सारख्याच वेगाने सरकतात, त्यामुळे जंक्शनवर नको असलेला व्होल्टेज फार कमी तयार होतो. सोडियम हा क्लोराइडपेक्षा हळू सरकतो आणि तो समतोल बिघडतो. खत म्हणून मिळणारं पोटॅशही नको, त्यात मिठासह इतर अशुद्धी आणि न विरघळणारा गाळ असतो. कमी सोडियमचं म्हणून विकलं जाणारं मीठ हे मिश्रण असतं, त्यात गुठळ्या न होण्यासाठी घातलेले पदार्थही असतात. प्रयोगशाळेच्या दर्जाचा क्षारच आणा, थोडासा पुष्कळ दिवस पुरतो.

द्रावण हाताशी नसेल तर ४ चा बफर दुसरा पर्याय. काही दिवस, आठवडाभर तो उत्तम काम देतो. आम्लधर्मी असल्याने काचेची झीज कमी होते. त्यात चिमूटभर पोटॅशियम क्लोराइड टाकलं तर अधिक चांगलं. तोही नसेल तर ७ चा बफर घ्या, पण तो फॉस्फेटचा असतो आणि त्यात बुरशी लवकर धरते. काहीच नसेल तर एखाद्या रात्रीपुरतं नळाचं पाणी, कारण त्यात निदान काही क्षार तरी असतात. ९ किंवा १० च्या बफरमध्ये मात्र साठवू नका, अल्कधर्मी द्रावणात काच हळूहळू विरघळते.

टोपण भरताना

खिशात मावणाऱ्या मीटरच्या टोपणात एक-दोन मिली द्रावण पुरतं. पण पातळी कुठपर्यंत हवी ते बघा: टोपण बसवल्यावर फुगा तर बुडालाच पाहिजे, शिवाय वरचं जंक्शनही बुडालं पाहिजे. ते फुग्यापासून काही मिलिमीटर वर असतं, आणि नुसते दोन थेंब टाकले की फुगा ओला राहतो पण जंक्शन हळूहळू कोरडं पडतं. टोपणात स्पंज असेल तर तो चिंब भिजलेला हवा, ओलसर पुरेसा नाही. स्पंज दर दोन-तीन महिन्यांनी काढून धुवा, काळपट किंवा वास येणारा झाला असेल तर बदला.

टोपण घट्ट बसणारं असेल तर फिरवत फिरवत सावकाश चढवा आणि तसंच काढा. एकदम दाबलं की आतल्या हवेचा दाब जंक्शनवर येतो. एकदम ओढलं की तिथे निर्वात होऊन आतलं जेल ओढलं जातं.

मीटर उभा ठेवा, फुगा खाली. आडवा पडला तर द्रावण एका बाजूला सरकतं, गळतं, आणि फुग्याच्या आतली हवेची बारीक पोकळी टोकाशी येऊन बसते. तशी पोकळी दिसली तर तापमापीतला पारा खाली उतरवताना देतात तसा हलका झटका खाली द्या. बाहेर साचलेला पांढरा क्षार ही बिघाडाची खूण नाही. द्रावण कडेने चढून सुकतं एवढंच, कोमट पाण्याने धुतला की जातो. नखाने किंवा चाकूने खरवडू मात्र नका.

महिन्यातून एकदा टोपण उघडून पातळी बघायची सवय लावा. कित्येक महिने वापर नसेल तर टोपणाच्या सांध्यावर पॅराफिल्म किंवा चिकटपट्टी गुंडाळा आणि मीटरमधली बॅटरी काढून ठेवा. जागा गोठणारी नको आणि तापणारीही नको: ऊन लागणारी खिडकी, बंद गाडी, भट्टीशेजारचं कपाट, या सगळ्या वाईट जागा. फुग्याच्या आतही द्रावण असतं, ते गोठलं तर काच फुटते.

कोरडा पडलेला इलेक्ट्रोड परत आणताना

प्रश्नातल्या मीटरसाठी क्रम असा ठेवा. आधी टोक कोमट नळाच्या पाण्याखाली धरून साचलेला क्षार विरघळू द्या. मग फुगा प्रकाशात धरून भिंगाने नीट बघा. केसाएवढी जरी चीर असली तरी पुढचे सगळे कष्ट वाया जातील. चीर नसेल तर छोट्या भांड्यात ३ मोलर द्रावण घेऊन जंक्शन बुडेल इतकं टोक त्यात सोडा आणि १२ ते २४ तास राहू द्या. मीटर पूर्ण बुडवू नका, टोकाकडचे दोन-तीन सेंटिमीटर पुरेत.

दुसऱ्या दिवशी धुऊन, टिपून, ताज्या बफरमध्ये तपासा. आकडा ३० सेकंद ते एका मिनिटात स्थिर होत असेल तर काम झालं. अजूनही रेंगाळत असेल तर जंक्शन तुंबलं आहे असं समजा. त्यासाठी तेच द्रावण गरम करून टोक त्यात १०-१५ मिनिटं ठेवतात आणि मग लगेच साध्या तापमानाच्या द्रावणात हलवून थंड होऊ देतात. गरम द्रावण छिद्रांतले खडे विरघळवतं आणि थंड होताना आतलं जेल आकसून ताजं द्रावण छिद्रांत ओढलं जातं. प्रयोगशाळेतल्या काचेच्या इलेक्ट्रोडला ६० अंशांपर्यंत हे सोसतं, हातातल्या मीटरला ५० अंशांपुढे नेऊ नका. पुस्तिकेतली मर्यादा त्याहून कमी असेल तर तीच पाळा. उकळतं पाणी तर नकोच.

जंक्शन तुंबलं आहे की नाही हे ओळखायची एक सोपी चाचणी आहे. बफरमध्ये मीटर स्थिर धरून आकडा बघा, मग हळूहळू ढवळत बघा. तीव्र बफरमध्ये ढवळल्याने आकडा फारसा हलायला नको. ढवळताना एक आणि थांबल्यावर दुसरा असा ठळक फरक पडत असेल तर संशय जंक्शनवर घ्या.

काही मीटरमध्ये कापडी वातीचं जंक्शन असतं. ती वात चिमट्याने दोन-तीन मिलिमीटर बाहेर ओढली की ताजा भाग नमुन्याला लागतो आणि मीटर नव्यासारखा वागू लागतो. पुस्तिकेत तशी सोय लिहिली असेल तरच हे करा, सिरॅमिकच्या जंक्शनला ओढण्यासारखं काही नसतं.

मिलिव्होल्ट खरं बोलतात

इलेक्ट्रोडची तब्येत पीएचच्या आकड्यावरून कळत नाही. कारण कॅलिब्रेशन करताना मीटर इलेक्ट्रोडची खोट गणिताने झाकतो. ती उघडी पडते मिलिव्होल्टमध्ये. २५ अंशांना आदर्श इलेक्ट्रोड दर पीएच एककामागे ५९.१६ मिलिव्होल्ट देतो. २० अंशांना हा आकडा ५८.२ आणि ३० अंशांना ६०.१ होतो. पीएच ७.०० ला ० मिलिव्होल्ट यायला हवेत, ४.०१ ला सुमारे +१७७ आणि १०.०१ ला सुमारे −१७८. संच ६.८६ आणि ९.१८ चा असेल तर अनुक्रमे +८ आणि −१२९ च्या आसपास.

७ च्या बफरमध्ये ०च्या दोन्ही बाजूंना ३० मिलिव्होल्टपर्यंतचा फरक चालतो. हा फरक मुख्यतः संदर्भ इलेक्ट्रोडचं वय सांगतो. ७ आणि ४ या दोन वाचनांतला फरक भागिले १७७ म्हणजे उतार, मीटरच्या भाषेत स्लोप. नवा इलेक्ट्रोड ९५ ते १०२ टक्के देतो. ९० च्या खाली गेला की सफाई करा. सफाई आणि भिजवणं दोन्ही करूनही ८५ च्या वर येत नसेल तर नवा घ्यायची वेळ आली.

तुमच्या मीटरवर मिलिव्होल्ट दिसत नसतील तरी अंदाज काढता येतो. जुनं कॅलिब्रेशन पुसून टाका, फक्त ७ वर कॅलिब्रेट करा आणि ४.०१ च्या बफरमध्ये काय दिसतं ते बघा. प्रश्नातलाच आकडा धरू: ४.६ दिसलं, म्हणजे इलेक्ट्रोडने २.९९ एककांऐवजी २.४ एककांचाच पल्ला गाठला. २.४ भागिले २.९९ म्हणजे साधारण ८० टक्के. भिजवल्यावर तोच आकडा ४.१५ च्या खाली आला तर उतार ९५ च्या वर गेला आणि मीटर कामाला घ्यायला हरकत नाही. मात्र काही मीटर एका बिंदूवर कॅलिब्रेट केलं तरी जुना उतार जपून ठेवतात, म्हणून पुसण्याची पायरी वगळू नका. दर कॅलिब्रेशनला तारीख, ७ चं वाचन, ४ चं वाचन आणि तापमान एवढं एका वहीत लिहीत गेलात तर इलेक्ट्रोड एकदम दगा देत नाही. तो कित्येक आठवडे आधीपासून वहीत दिसू लागतो.

सगळ्या बफरमध्ये सुमारे ७ च दिसत असेल, म्हणजे कुठेही ० मिलिव्होल्ट, तर काच तडकली आहे किंवा जोडणीत ओल शिरून लघुमंडल झालं आहे. वेगळा निघणारा इलेक्ट्रोड असेल तर त्याचा जोड कोरडा करून एकदा पुन्हा बघा. काचेचा रोध प्रचंड असतो, दहा-शंभर मेगओम आणि त्याहूनही जास्त, त्यामुळे जोडाला बोटाचा घाम लागला तरी वाचन बिघडतं. उलट आकडा मोकाट फिरत असेल, पल्ल्याबाहेर जात असेल, तर तार तुटली असण्याची किंवा जंक्शनवर हवेचा बुडबुडा अडकल्याची शक्यता जास्त.

डिस्टिल्ड पाण्यात बुडवून ७ येतात का हे बघणं ही चाचणी नव्हेच. त्यात आयन इतके थोडे असतात की आकडा स्थिर होत नाही, आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळल्यावर त्या पाण्याचा खरा पीएच ५.६ च्या आसपास असतो. या चाचणीवरून चांगले मीटर कचऱ्यात जातात आणि त्याचं वाईट वाटतं.

घाण कोणती, त्यावर धुणं कोणतं

साधी मळ आणि तेलकटपणा असेल तर कोमट पाण्यात भांडी धुण्याच्या सौम्य साबणाचे दोन-चार थेंब टाकून टोक १०-१५ मिनिटं ठेवा. चिकट तेल असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये मिनिटभर. ॲसिटोन प्लास्टिकच्या नळीला खाऊन टाकतो, तो वापरू नका. अल्कोहोलमध्येही जास्त वेळ नको, ते काचेवरच्या त्या पातळ थरातलं पाणी ओढून घेतं.

कठीण पाण्याचा पांढरा थर आणि लोहाचे डाग यांना ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल लागतं, १५ ते ३० मिनिटं. तीव्र आम्ल साधारण ३७ टक्क्यांचं असेल तर त्याचं ४.२ मिली ५०० मिली पाण्यात मिसळा. आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात कधीच नाही. हातमोजे आणि चष्मा घाला. तीव्र आम्ल हाताळायची सोय नसेल तर पांढरं व्हिनेगरही चुनखडीचा थर काढतं, थोडा वेळ जास्त लागतो.

दूध, रक्त, पेशींचं माध्यम, यीस्टचं द्रावण अशा प्रथिनांच्या नमुन्यांनंतर नुसतं आम्ल पुरत नाही, उलट प्रथिनं साकळून जंक्शनमध्ये आणखी घट्ट बसतात. त्यासाठी ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात १ ते ५ टक्के पेप्सिन घालून टोक तासभर ठेवतात. पेप्सिन प्रथिनांचे तुकडे करतं आणि ते आम्लात सुटून निघतात.

जंक्शन काळं पडलं असेल तर तो बहुधा सिल्व्हर सल्फाइड आहे. सांडपाणी किंवा गंधक असलेल्या नमुन्यांतला सल्फाइड आतल्या चांदीशी संयोग पावतो. ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात ७-८ टक्के थायोयुरिया घातलेलं द्रावण त्यावर चालतं. काळेपणा जाईपर्यंत ठेवा. थायोयुरिया विषारी आहे, प्रयोगशाळेबाहेर हा उद्योग करू नये. अशा नमुन्यांसाठी मुळात दुहेरी जंक्शनचा इलेक्ट्रोड घ्यावा, त्यात चांदी असलेला भाग नमुन्यापासून आणखी एका कप्प्याने दूर ठेवलेला असतो. ट्रिस बफर वापरणाऱ्यांनाही हेच सांगेन.

शेवाळ आणि जिवाणूंचा बुळबुळीत थर पातळ केलेल्या ब्लीचने निघतो: एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी, दहा मिनिटं. पण ब्लीच आणि आम्ल एकत्र आलं की क्लोरिन वायू सुटतो, म्हणून ही दोन धुणी एकाच दिवशी, एकाच भांड्यात करू नका आणि मध्ये भरपूर पाण्याने धुवा.

कोणतंही धुणं झालं तरी शेवट एकच: नीट खळखळून धुवा, निदान तासभर साठवणीच्या द्रावणात ठेवा आणि मग कॅलिब्रेट करा. धुतल्या धुतल्या घेतलेल्या वाचनावर विश्वास ठेवू नका. अमोनियम बायफ्लोराइडने काचेचा वरचा थर खरवडून इलेक्ट्रोड जिवंत करायची कृती कुठेतरी वाचाल. त्यातून अत्यंत घातक हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होतं. नव्या इलेक्ट्रोडच्या किमतीसाठी तो धोका पत्करू नये. याच कारणाने आम्लधर्मी आणि फ्लोराइड असलेल्या नमुन्यात साधा काचेचा इलेक्ट्रोड बुडवू नका, काचच झिजते.

रोजच्या वापरातल्या काही गोष्टी

दोन नमुन्यांच्या मध्ये टोक डिस्टिल्ड पाण्याने धुणं योग्यच आहे. काही सेकंदांच्या धुण्याने क्षार जात नाही, साठवणं आणि धुणं यांत गल्लत करू नका. धुतल्यावर टिपकागदाने नुसतं टिपा, पुसू नका. घासल्याने काचेवर स्थिर विद्युतभार येतो आणि आकडा काही मिनिटं भरकटतो, शिवाय ओरखडे पडतात ते वेगळेच. टिपणंही टाळायचं असेल तर पुढच्या नमुन्याच्या थोड्याशा भागानेच टोक विसळून घ्या, ही रीत सर्वांत चांगली.

कॅलिब्रेशन नेहमी ७ (किंवा ६.८६) पासून सुरू करा, मग ज्या बाजूचे नमुने मोजायचे त्या बाजूचा बफर. वापरलेला बफर बाटलीत परत ओतू नका. अल्कधर्मी बफर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून लवकर खाली घसरतो, म्हणून ९.१८ किंवा १०.०१ ची उघडी बाटली एका महिन्यापुढे भरवशाची धरू नका. ४ आणि ७ चे बफर घट्ट झाकून ठेवले तर काही महिने टिकतात, पण आत तरंगणारा धागा किंवा गढूळपणा दिसला की टाकून द्या. बफरचा आकडा तापमानानुसार बदलतो हेही ध्यानात असू द्या: ९.१८ चा बफर १० अंशांना ९.३३ असतो. पुडीवर किंवा बाटलीवर तक्ता छापलेला असतो, तो वाचा. मीटरमधली तापमान भरपाई इलेक्ट्रोडचा उतार दुरुस्त करते, नमुन्याचा पीएच तापमानाने बदलतो तो बदल ती पुसत नाही.

वर भरायची सोय असलेला इलेक्ट्रोड असेल तर मोजताना भरायचं छिद्र उघडं आणि साठवताना बंद, आणि आतली पातळी नमुन्याच्या पातळीपेक्षा नेहमी वर. एकेरी जंक्शनच्या इलेक्ट्रोडमध्ये सिल्व्हर क्लोराइडने संपृक्त केलेलंच द्रावण भरावं लागतं, नाहीतर तारेवरचा लेप त्यात विरघळत जातो. दुहेरी जंक्शनच्या बाहेरच्या कप्प्यात साधं पोटॅशियम क्लोराइड चालतं.

मोजून झाल्यावर इलेक्ट्रोड नमुन्यातच विसरणं हे सगळ्यांत महाग पडतं, विशेषतः मातीचा राडा, रंग, साखरेचा पाक किंवा तेल असलेला नमुना असेल तर. धुऊन टोपण घालायला अर्धा मिनिट लागतो.

नवा घ्यायची वेळ आली तर

जेल भरलेला इलेक्ट्रोड नीट सांभाळला तरी साधारण एक ते दोन वर्षं चांगलं काम देतो. गरम, तीव्र अल्कधर्मी किंवा अतिशुद्ध पाण्याचे नमुने रोज मोजत असाल तर त्याहून कमी. तो न वापरता ठेवला तरी म्हातारा होतो, म्हणून स्वस्त मिळाले तरी दोन-तीन एकदम घेऊन ठेवू नका आणि घेताना पाकिटावरची निर्मितीची तारीख बघा. टोपण हलवून आत ओल आहे ना ते तपासा. इलेक्ट्रोडचा भाग वेगळा बदलता येणारा मीटर थोडा महाग असतो, तरी तोच घ्या, कारण संपतो तो इलेक्ट्रोडच, मीटरची विद्युतयंत्रणा पुष्कळ वर्षं चालते. नवा आल्यावर टोपण काढून क्षार धुवा, अर्धा ते दोन तास साठवणीच्या द्रावणात भिजवा, आणि पहिल्याच कॅलिब्रेशनचे मिलिव्होल्ट वहीच्या पहिल्या ओळीत लिहून ठेवा. पुढची सगळी वाचनं त्या ओळीशी ताडून बघायची आहेत.